साखळकर डॉक्टरांचा बीव्हर

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आई म्हणायची. डॉ. अच्युत साखळकरांच्या बाबतीत मी तो नियम त्यांच्या हयातीतच मोडून ठेवला होता, त्यामुळे ते गेल्याची बातमी आली तेव्हा मला नव्याने काही करावं लागलं नाही. फोनवर सांगणारा गहिवरून म्हणाला, "फार मोठा माणूस गेला रे." मी "हो का" म्हणालो आणि चहा ओतायला लागलो. ते नक्की कशाने मोठे होते, हे मला शेजारी राहून कळलं नव्हतं. फोनवर कुठून कळणार?

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफकमधल्या एका लहान गावात राहत होतो. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांचं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या आवारात डॉक्टरांसाठी लाल विटांची जोडघरं. एका घरात आम्ही, शेजारी साखळकर. बाबा हॉस्पिटलात त्यांच्या हाताखाली होते. हे हाताखाली असणं घरी आल्यावरही संपत नसे, कारण दोन घरांच्या मधली भिंत एकच होती आणि तीही पातळ.

डॉक्टरांच्या अंगात बारा महिने ट्वीडचा कोट असे. तो त्यांच्या मापाचा कधीच नसे. वॉर्डातला एखादा जुना जमीनदार वारला आणि नातेवाइकांनी त्याचे कपडे न्यायचा कंटाळा केला, की डॉक्टरांच्या कपाटात भर पडे. त्यामुळे त्यांच्या बाह्या कधी बोटं झाकत, तर कधी मनगटाच्या वर चढून बसत. वॉर्डातल्या सिस्टर कोट पाहून आधीचा मालक ओळखत आणि एकमेकींकडे बघून हसत. डॉक्टरांना वाटे, त्या आपल्याकडे बघून प्रसन्न हसतात.

त्यांचं एक पालुपद होतं, "इट इज नॉट डन," म्हणजे हे शिष्टाचाराला धरून नाही. आईने लोणच्याची बरणी उन्हात ठेवली, नॉट डन. बाबांनी सिस्टरला आधी गुड मॉर्निंग केलं, नॉट डन. मी रस्त्यात कागदातून चिप्स खाल्ल्या, तर त्यांनी गाडी थांबवून काच खाली केली आणि मला ऐकवलं, "यंग मॅन, इट इज नॉट डन." मग डन काय आहे, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते शोधून काढण्यातच त्यांचा जन्म चालला होता.

गावाबाहेरची सगळी दलदल एका मेजरच्या मालकीची होती. मेजरची आई आमच्या हॉस्पिटलात होती, आणि तेवढ्या धाग्यावर डॉक्टर मेजरला लटकले होते. मेजरचा फोन आला की ते उभे राहून बोलत. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला की आई कणीक मळता मळता म्हणे, "आला वाटतं साहेबाचा फोन." मग भिंतीतून "येस मेजर, ऑफ कोर्स मेजर" असं ऐकू येई. तो आवाज त्यांच्या रोजच्या आवाजापेक्षा पातळ असे. एवढ्या पातळ आवाजाने ते बायकोशी कधी बोललेलं मी ऐकलं नाही.

त्या दलदलीत तेव्हा कॉयपू माजले होते. कॉयपू म्हणजे सरळ मराठीत घूस, फक्त लहान कुत्र्याएवढी. फरसाठी कुणीतरी दूर देशातून आणून पाळल्या, त्या पिंजऱ्यांतून सुटल्या आणि पाण्यात जाऊन राहिल्या. चरांचे काठ पोखरायच्या, बिटाची शेतं खायच्या. मेजर वैतागला होता. मेजर वैतागला म्हणजे डॉक्टरांना झोप येणार नाही, हे ओघानेच आलं.

एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. "देसाई, मी मेजरना शब्द दिलाय. त्यांचा गेमकीपर एकटा पुरा पडत नाही. आपला शिरीष वीकेंडला मोकळाच असतो."

"त्याचा अभ्यास..." बाबा म्हणाले.

"अभ्यास काय, सगळेच करतात. कॉन्टॅक्ट्स, देसाई! यू सी?"

बाबांना दिसलं. पुढच्या वर्षी त्यांच्या नोकरीबद्दल दोन ओळी याच माणसाने लिहायच्या होत्या. अशा रीतीने शब्द डॉक्टरांनी दिला आणि हात माझे लागले. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. मेजरचा गेमकीपर, म्हणजे त्याच्या रानाची आणि शिकारीची राखण करणारा माणूस, रेज नावाचा होता. तो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा आणि त्यांतली दोन कुत्र्याशी. काठावर घुशी जिथून घसरत पाण्यात उतरतात तिथे चिखल गुळगुळीत होतो. त्या वाटेवर तारेचा पिंजरा ठेवायचा, आत गाजराचे तुकडे. सकाळी जाऊन बघायचं. कधी पिंजऱ्यात रागावलेली पाणकोंबडी असे, तर कधी भल्यामोठ्या नारिंगी दातांची घूस, शांतपणे आपलं गाजर संपवत बसलेली. पुढचं काम रेज बंदुकीने करी, आणि मी तेवढा वेळ पाण्याकडे बघत राही. मग सोलायचं. तिच्या पोटाची लव सगळ्यांत मऊ, म्हणून कातडं पाठीवरून चिरायचं, पोट अखंड ठेवायचं. चरबी खरवडायची, फळीवर ताणून खिळे मारायचे आणि शेडमध्ये वाळत लावायचं. माझ्या हातांना येणारा वास आईच्या शिकेकाईनेही जात नसे.

डॉक्टर अधूनमधून पाहणीला येत. नाकाला रुमाल, हातात काठी. वाऱ्याची दिशा बघून उभे राहत आणि मला ॲनाटमी शिकवत. रक्त दिसलं की नजर झाडांकडे वळे. एकदा मी चुकून ओल्या हाताने त्यांची काठी उचलून दिली, तर त्यांनी ती गवतावर टाकायला लावली, रेजकडून पुसून घेतली आणि मगच हातात धरली. फळीवरची कातडी ते त्या काठीच्या टोकाने निवडत. "ही. ही. ही नको, भोक आहे. मेजरनी परवानगी दिलीये, वाया कशाला घालवायची?" कुठे जाणार, हे मी विचारलं. "चॅरिटी," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी गावात सांगितलं की हल्ली आपण जरा ट्रॅपिंग करतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि इथे तर बीळही खरोखरीचं होतं.

मेजरकडे ते 'ड्रिंक्सला' जात. सोमवारी बाबांना त्याचं वर्णन ऐकावं लागे. शेरी कुठली होती, मेजर काय म्हणाले, मिसेस मेजर काय म्हणाल्या. एकदा पिंजरे परत ठेवायला मी मेजरच्या घरामागच्या पडवीत गेलो. तिथे गमबुटांची रांग, ओले रेनकोट आणि कुत्र्याची टोपली होती. त्या टोपलीशेजारी स्टुलावर साखळकर डॉक्टर शेरीचा ग्लास घेऊन एकटेच बसले होते. आतून हसण्याचे आवाज येत होते. मला बघून ते ग्लास उंच धरून म्हणाले, "हॅविंग अ क्विक वन." सोमवारी बाबांना कळलं की मेजरचा दिवाणखाना फारच सुंदर आहे.

हा माणूस एकटा असता तर मी त्याच्यावर हसून मोकळा झालो असतो. पण घरात कुमुदकाकू होत्या.

काकू मिरजेच्या. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. नॉरफकचा वारा समुद्रावरून येतो आणि मध्ये त्याला अडवायला टेकडीसुद्धा नाही. त्या वाऱ्यात काकू सुती साडी, त्यावर विटलेलं कार्डिगन आणि त्यावर डॉक्टरांचा टाकलेला रेनकोट, अशा बाजारात जात. इंग्लंडात आल्यापासून त्या एकच गोष्ट मागत होत्या. दर ऑक्टोबरमध्ये भिंतीतून ऐकू येई, "अहो, यंदा तरी कोट बघू या का?" आणि उत्तर येई, "बघू. घ्यायचा तर चांगलाच घ्यायचा. स्वस्तातलं काही घालून माझी बायको हिंडलेली, इट इज नॉट डन." या चांगल्याच्या नादात काकूंची वर्षामागून वर्षं थंडीत गेली. ओठ फुटायचे, बोटं सुजायची. आई एकदा म्हणाली, "काकू, माझा जुना आहे, तो घ्या." काकूंनी मान हलवली. "नको गं. ह्यांना कमीपणा वाटेल."

काकूंच्या माहेरी माघी गणपती होता. भाऊ नाही, म्हणून तो त्यांनी इकडे आणला. दर माघात त्या स्वतः मूर्ती करत. मी दलदलीत जायला लागल्यापासून चिकणमातीची बादली मीच आणून देई. मूर्ती हातभर, साधी. पण पायाजवळचा उंदीर त्या फार मन लावून करत. कान, मिशा, हातात लाडू. बघायला हॉस्पिटलातल्या सिस्टर येत, त्यांच्यासाठी काकूंनी एक वाक्य पाठ केलं होतं. उंदराकडे बोट दाखवून त्या म्हणत, "धिस इज गॉड्स रॅट. व्हेरी स्मॉल, बट ही कॅरीज हिम." हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळे. सबंध इंग्रजी भाषेत त्यांना त्या एकाच वाक्याची भीती वाटत नसावी.

आणि त्या वर्षी, माघाच्या आधी, कोट आला. गुडघ्यापर्यंतचा, फरचा, काळपट तपकिरी, आत रेशमी अस्तर. काकूंनी आईला हाक मारली. मीही मागोमाग गेलो. काकू आरशासमोर उभ्या होत्या, आणि फरवरून हात फिरवत होत्या, वर, खाली, पुन्हा वर. त्यांना मी इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

"कशाचा हो हा?" त्यांनी विचारलं. "गाईगुराचं नाही ना? देवापुढे घालायचा आहे."

"बीव्हर," डॉक्टर म्हणाले. "कॅनडाचा. शुद्ध शाकाहारी प्राणी. पाण्यात राहतो, म्हणजे रोजची आंघोळ. आणखी काय पाहिजे तुझ्या सोवळ्याला?"

काकू समाधानाने हसल्या. मीही तो कोट हातात घेऊन पाहिला आणि मला कसलीही शंका आली नाही. मी ताणलेली कातडी राठ केसांची होती, हा तर लोण्यासारखा मऊ. फरवाले वरचे राठ केस उपटून आतली लव ठेवतात आणि तिला रंग देतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काकूंनी त्याच दुपारी अस्तरावर लाल दोऱ्याने 'कुमुद' असं काढलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत जाणाऱ्या प्रत्येक कपड्यावर नाव लागे, त्यामुळे तशी सवयच होती. आई म्हणाली, "हा काय लाँड्रीत जाणार आहे?" काकू म्हणाल्या, "असू दे गं. माझा आहे."

दीड दिवसाचा गणपती. आजूबाजूच्या हॉस्पिटलांतली दोन-तीन मराठी कुटुंबं आली होती. विसर्जनाला पाणी हवं आणि पाणी सगळं मेजरचं. डॉक्टरांनी परवानगी काढली आणि वर मेजरला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. दुपारी आम्ही चराच्या काठी जमलो. वारा असा की आरतीची वात टिकेना, शेवटी बाबांनी टोपी आडवी धरली. काकू मूर्ती घेऊन मध्ये उभ्या होत्या, नवा कोट घालून. पहिल्यांदाच त्या वाऱ्यात त्यांचे खांदे आखडलेले नव्हते.

आरती झाली. मेजर पुढे आला आणि सभ्यपणे वाकून मूर्ती बघायला लागला. काकूंनी ओळखीच्या जागी बोट ठेवलं. "धिस इज गॉड्स रॅट. व्हेरी स्मॉल, बट ही कॅरीज हिम."

मेजरने उंदराकडे पाहिलं, मग काकूंच्या कोटाकडे, आणि तो खदखदून हसला. "दॅट्स मार्व्हलस! अँड यू आर वेअरिंग द बिग वन्स, माय डिअर. माय ओन रॅट्स! साखळकर टोल्ड मी ऑल अबाउट इट."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. काठीने निवडलेली कातडी डोळ्यांसमोर आली. काकू मेजरच्या तोंडाकडे बघत होत्या. एवढं इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण रॅट येत होतं. त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं.

डॉक्टरांनी तेव्हा खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यभर बोलले होते, आणखी एकदा बोलले असते तर मी माफ केलं असतं. पण मेजर हसत होता, आणि मेजर हसत असताना न हसणं हे त्यांच्या शक्तीबाहेरचं होतं. ते मेजरपेक्षा मोठ्याने हसले. त्याच पातळ आवाजात म्हणाले, "आय टोल्ड हर इट वॉज बीव्हर, मेजर! अँड शी बिलीव्ह्ड मी!"

काकूंनी मूर्ती आईच्या हातात दिली. कोटाची बटणं एक एक करून सोडली. कोट नीट घडी घातला, अस्तर बाहेर करून, आणि डॉक्टरांच्या पायाशी गवतावर ठेवला.

"कुमुद, कोट घाल," डॉक्टर दातांतून मराठीत म्हणाले. "मेजर बघतायत. इट इज नॉट डन."

"अहो, देव ज्याच्यावर बसतो त्याचं मला काय वावडं?" काकू म्हणाल्या. आवाज रोजचाच. "घूस आहे म्हणाला असतात, तर घालायचा की नाही ते मी ठरवलं असतं. मेजरना खरं सांगितलंत आणि मला खोटं."

त्यांनी मूर्ती परत घेतली आणि उघड्या दंडांनी, त्या वाऱ्यात, काठावरून पाण्यात उतरल्या. पाणी गुडघ्यापर्यंत होतं आणि कडेला बर्फाची साय धरलेली होती. त्यांनी घाई केली नाही. नेहमीसारखी तीनदा मूर्ती वरखाली केली आणि सोडली. वर आल्यावर आईने आपला कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला. त्यांनी तो राहू दिला. डॉक्टर तोवर मेजरला हिंदू धर्मातल्या प्राण्यांविषयी माहिती देत होते.

पुढचे काही दिवस भिंतीतून काहीच ऐकू आलं नाही. मग एका संध्याकाळी डॉक्टरांचा आवाज चढला. काकूंनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी धरली होती. "डॉक्टरची बायको त्याच्याच पेशंटच्या चादरी धुणार? इट इज नॉट डन!"

"झालं की डन," काकू म्हणाल्या. "सोमवारपासून जाते."

आईने भिंतीला कान लावलेलाच होता. ती हसून हसून खाली बसली.

वसंतात काकू एकट्या बसने नॉरिचला गेल्या आणि निळा लोकरी कोट घेऊन आल्या. साधा, जाड, दुकानातल्या मांडणीवरचा. आईला म्हणाल्या, "लोकर आपल्याकडे सोवळ्यालाही चालते. कुणाला विचारायला नको." फरचा कोट घरातून गेला होता. डॉक्टरांनी तो मिसेस मेजरना भेट दिला आणि त्यांना तो अतिशय आवडला, असं बाबांना सविस्तर ऐकावं लागलं. मिसेस मेजर म्हणे त्याला रोज जवळ बाळगत.

पुढे बाबांना दुसरीकडे नोकरी लागली. गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी उरलेले पिंजरे आणि रेजचे गमबूट परत करायला मेजरकडे गेलो. बारीक पाऊस होता. घरात पार्टी चालली असावी, खिडक्यांतून उजेड आणि हसणं येत होतं. मागच्या पडवीत साखळकर डॉक्टर उभे होते. कुणा मेलेल्याचा कोट अंगात, हॅट हातात, काखेत कागदात गुंडाळलेली बाटली. स्टूल कुणीतरी आत नेलं होतं.

"मेजरनी थांबायला सांगितलंय," ते मला म्हणाले. "दे आर एक्स्पेक्टिंग मी."

टोपलीत मेजरचा म्हातारा स्पॅनियल कुत्रा झोपला होता. त्याच्या अंगाखाली तो कोट होता, दुमडलेला, चिखलाने चिकटलेला. मीच सोललेल्या घुशी. एक पदर उलटा झाला होता आणि अस्तरावरची लाल अक्षरं वर आली होती. कुमुद.

मी ती वाचली, हे डॉक्टरांनी पाहिलं. आतल्या दाराकडे एकदा बघून ते वाकले आणि तो पदर उलटा घालायला हात पुढे केला. स्पॅनियल डोळेही न उघडता गुरगुरला. डॉक्टरांनी हात मागे घेतला.

"गुड बॉय," ते कुत्र्याला म्हणाले.

मी गमबूट रांगेत लावले आणि निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं, तर दार अजून उघडलं नव्हतं. ते तसेच उभे होते, पायपुसण्याच्या कडेला, कुत्र्याची झोपमोड होणार नाही एवढं अंतर ठेवून.